दाराची पिवळी चिंधी

११ जून

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फाडलं नाहीस, एवढ्यावर मी आज खूश आहे. आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी काम.

तू म्हणशील, इतक्या वर्षांनी ताईला माझी आठवण झाली ती कामापुरतीच. हो, कामापुरतीच. या घरात गोड बोलणं तुझ्या वाट्याला आलं, कामं माझ्या वाट्याला आली. तर काम असं आहे की आईला एक फोन कर. मला नको, तिला. घरच्या फोनवर कर, कारण मी घेऊन दिलेला मोबाईल तिने बटणांच्या डब्यात ठेवलाय आणि तो तिथे सुखात आहे.

का ते सांगते. पुराचा धोका असलेल्या वस्त्यांचा नकाशा आमच्या खात्यात दर वर्षी नवा होतो. यंदा आपली गल्ली लाल पट्ट्यात आली आहे. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की पहिलं पाणी लाल पट्ट्यात येतं. भोंगा झाला की ती घरं आधी रिकामी करून माणसांना टेकडीवरच्या शाळेत न्यायचं, हे माझ्याकडे आहे. साठ्याची खोलीही माझ्याच गळ्यात आहे. क्लोरीनच्या गोळ्या, जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या पुड्या, दोर, टॉर्च, लाइफ जॅकेट, सगळं. अख्खं गाव माझं ऐकतं, आई सोडून. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगीच नाही.

गेल्या वर्षी तिने ऐकलं होतं, तेच नडलं. माझ्या शब्दावर ती शाळेत येऊन फरशीवर झोपली आणि पाणी आपल्या पायरीला हात लावून परत गेलं. शेजारच्या काकू घरातच पाय पसरून बसल्या होत्या. आई कंबर धरत परत आली तेव्हा काकूंनी विचारलं, "काय हो, सहल झाली का?" झालं. त्या दिवशी आईने ठरवलं की लेकीची नोकरी लांडगा आला रे ओरडायची आहे, ती ओरडणार, आपण कशाला उठायचं. तेव्हापासून मी पुराचा प काढला की ती शिवणाचं मशीन सुरू करते, म्हणजे मला माझाच आवाज ऐकू येऊ नये.

आणि गंमत बघ, मशीनवर ती शिवते काय, तर माझ्याच चिंध्या. एखादं घर रिकामं केलं की आमची माणसं दाराच्या कडीला पिवळी चिंधी बांधतात. मागून येणारी बोट ती चिंधी बघते आणि त्या दाराशी थांबत नाही, पुढच्या घराकडे जाते. खात्याने कापडाचा तागा दिला. आमचे लोक तो टराटरा फाडायला बसले तर आईचा जीव खाली-वर झाला. "धागे सुटतील, गबाळं दिसेल," म्हणाली आणि तागा घरी घेऊन गेली. आता एकेका चिंधीच्या चारही कडा दुमडून शिवून देते आहे. गावाची चिंधी शिवणार, स्वतः मात्र घर सोडणार नाही. आता हिला काय म्हणायचं तूच सांग.

तू सांगितलंस तर ती ऐकेल. कान सोनारानेच टोचावे लागतात, आणि तिचा सोनार तू आहेस. मी तिच्यासाठी किराणा भरते, औषधं आणते, तिची बोलणी खाते. तू काहीच करत नाहीस आणि तिचा जीव तुझ्यात आहे. याचं मला वाईट वाटतं का? वाटतं. पण ते नंतर बघू.

बाबांच्या वेळचं मी उकरून काढत नाही. साथीत बाबा दवाखान्याच्या बंद वॉर्डात होते, तू फाटकाबाहेर होतास आणि किल्ली माझ्याकडे होती. मी उघडलं नाही, आणि उद्या तीच साथ पुन्हा आली तर पुन्हा उघडणार नाही. ज्यांची फाटकं उघडली गेली त्यांच्या घरची माणसं पुढे खाटेवर आलेली मी पाहिली आहेत. तू तेव्हा म्हणालास की मी बाबांची मुलगी नाही, नियमांची मुलगी आहे. बरं, तसं तर तसं. पण आईचा तू अजून मुलगा आहेस, तेवढं कर.

तुझा नंबर माझ्याकडे नाही, पत्ता आहे. तोही तुझ्या एका जुन्या मित्राकडून, त्याच्या बायकोला लस टोचताना काढून घेतलेला.

ताई

२ जुलै

धाकट्या,

केलास म्हणे फोन. आभार मानत नाही, मानले तर तुला चढेल. पण त्या दिवशी मी कामावरून येताना आईकडे डोकावले तर ती दारातच उभी. "त्याचा फोन आला होता," एवढं म्हणाली आणि मग चहा टाकायला गेली तो साखर घालायची विसरली. मी तसाच प्यायले.

काय बोललात ते सांगत नाही. "आमचं आमचं बोलणं झालं" म्हणते. मी खोदून विचारलं, पुराचं सांगितलं का त्याने? तर म्हणाली, "सांगितलं, ताई सांगेल तेव्हा निघ म्हणाला." मग माझ्यासमोर बॅग भरली. चष्मा, गोळ्या, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, टॉर्च, बिस्किटं, पाण्याची बाटली. मी वर्षानुवर्षं गावभर जी यादी घोकून घेते ती तिने न विचारता पुरी केली. मी मनात म्हटलं, एक फोन आणि एवढं काम! तुला खात्यात नोकरीला लावावं.

आमच्याकडे मात्र आनंद आहे. बोटीचं इंजिन आजारी आहे, म्हणजे दुरुस्तीला गेलंय, पण ते इतक्या वेळा जातं की आम्ही आजारीच म्हणतो. बोट चालवायला कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर दिलाय. पाण्यात गाडी घालायचा त्याला दांडगा अनुभव आहे. सगळे त्याला कप्तान म्हणतात आणि त्याला ते मनापासून आवडतं. क्लोरीनच्या गोळ्यांसाठी मी वरच्या ऑफिसला इतक्यांदा लिहिलंय की तिथला क्लार्क आता माझा आवाज ओळखून खोकतो. पूर येऊन गेला की गोळ्या येतील, वरातीमागून घोडं यायचं तसं.

आईचं म्हणशील तर बरी आहे. गुडघे धरलेत वाटतं, हल्ली बाहेर पडत नाही. भाजीलाही मलाच पाठवते. परवा डोळे तपासायला न्यायचं होतं तर "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाली. मशीन मात्र भिंतीपासून ओढून फोनच्या जवळ घेतलंय. खिडकीतला उजेड तिथे बरा येतो म्हणे. मला काही तो फरक कळला नाही, पण शिवणारी ती आहे.

तू पुन्हा फोन करणार होतास का? ती म्हणाली नाही, मलाच आपलं वाटलं. कामात असशील. वेळ झाला की कर.

ताई

२४ जुलै

धाकट्या,

बातम्यांत पाहिलंच असशील. पाणी आलं. आपल्या गल्लीत छतापर्यंत नाही, पण खिडक्या बुडाल्या.

आई सुखरूप आहे. औषधं राहिली म्हणून घरात परत गेली होती, त्यात थोडी भिजली आणि थोडा ताप आहे. दवाखान्यात ठेवलंय ते फक्त नजरेखाली राहावी म्हणून. काळजी करू नकोस.

'पाणी उकळून प्या' अशा पोस्टरच्या पाठीवर लिहिते आहे, दुसरा कोरडा कागद नाही. शाळेत माणसं मावत नाहीत. जुलाब सुरू झालेत, लहान मुलांना जास्त. पुड्या पुरतील, गोळ्या पुरणार नाहीत. मला बसायला वेळ नाही.

ताई

२९ जुलै

धाकट्या,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. आई औषधांसाठी परत गेली नव्हती. ती निघालीच नव्हती.

भोंगा सकाळी झाला. आमची माणसं गल्लीत पोचली तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं. मी पुलापलीकडच्या वस्तीत होते, कारण तिथे खाटेवरची माणसं होती आणि आई तर बॅग भरून बसली होती. शेजारच्या काकू या वेळी सगळ्यांच्या आधी ट्रॅक्टरमध्ये चढल्या. शाळेत मी त्यांना विचारलं, आई कुठे? "तू हो पुढे, मी पुढच्या फेरीला येते म्हणाल्या," असं त्यांनी सांगितलं. पुढच्या फेरीचा ट्रॅक्टर गेला तेव्हा दाराला पिवळी चिंधी होती. माणसांना वाटलं, आधीच्या फेरीने चिंधी बांधली, म्हणजे घर रिकामं. ते पुढे गेले. मीच त्यांना तसं शिकवलंय.

दुपारी मी स्वतः बोटीतून आपल्या दारावरून गेले. पाणी अर्ध्या दारापर्यंत होतं आणि चिंधी पाण्याच्या जरा वर, कडीला. मी ती बघितली आणि मला हायसं वाटलं, धाकट्या. मी कप्तानाला म्हटलं, "हे आमचं घर, हे झालंय, पुढे घे." हे मी माझ्या तोंडाने म्हटलं. इंजिनाच्या आवाजात आतून हाक आली असती तरी ऐकू आली नसती. पण तिने हाक मारलीच नव्हती, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

शाळेत परत आले तर आई ट्रॅक्टरमधून उतरलेल्यांत नाही, चहाच्या रांगेत नाही, वरच्या वर्गांत नाही. कुणी म्हणे ती दुसऱ्या शाळेत गेली असेल. तिकडे निरोप पाठवला आणि कामाला लागले, कारण पुड्यांसाठी रांग लागली होती. समोर एक बाई आपल्या पोरीची वेणी घालत बसली होती. तिने रिबिनीचं फूल बांधलं, दोन पाकळ्या ओढून सारख्या केल्या, आणि माझ्या हातातली पुडी खाली पडली.

आमची माणसं चिंधीला गच्च गाठ मारतात. धावपळीत फूल कोण बांधत बसेल? आपल्या दाराच्या चिंधीला फूल होतं, दोन्ही पाकळ्या सारख्या ओढलेलं, आई माझ्या वेणीला बांधायची तसं. मी ते डोळ्यांनी बघितलं होतं आणि पुढे घे म्हणाले होते.

कप्तानाने बोट कशी नेली ते मला आठवत नाही. खिडकीचे गज त्यानेच वाकवले. आत आई मशीनच्या टेबलावर बसली होती, पाणी छातीशी आलेलं, आणि दोन्ही हातांनी फोन डोक्यावर धरलेला. माळ्याची शिडी तिच्यापासून हातभर अंतरावर होती. माळा कोरडा ठणठणीत होता. तिने बॅग वर नेऊन नीट ठेवली होती, स्वतः मात्र खाली आली होती. मी ओरडले, "वर का नाही चढलीस?" तर म्हणाली, "वायर पोचत नाही गं तिथपर्यंत."

फोन त्याच्या खूप आधी मेला होता. तिलाही ते माहीत होतं, कानाला लावून बघितलाच होता तिने. "येते कधीकधी लाईन मध्येच," म्हणाली.

आता तुला कळलं असेल. तिला बोटीत झोपवलं तेव्हा ती पहिल्यांदा बोलली की तुमचं काय बोलणं झालं होतं. तू म्हणालास, सुट्टीचं विचारतो, येऊन जाईन म्हणतो, रविवारी फोन करून सांगतो. कुठला रविवार ते तू सांगितलं नाहीस आणि तिने विचारलं नाही. म्हणून ती भाजीला जात नव्हती, डोळे दाखवायला येत नव्हती, आणि मी मूर्ख तिच्या गुडघ्यांना तेल आणून देत होते. पूर आला तो रविवारच होता. माझ्या माणसांनी दार वाजवू नये म्हणून तिने स्वतः शिवलेल्या चिंध्यांतली एक काढली आणि दाराला बांधली. "तुझी माणसं फार ओढाताण करतात," म्हणाली. "त्यांना उगाच थांबायला नको म्हणून बांधली." माझी पद्धत तिने माझ्याकडूनच शिकली होती.

मी तुला बोल लावायला लिहीत नाही. लावायचा असता तर मागच्याच पत्रात लावला असता, तिथे जागा नव्हती तरी. फोन कर असं तुला मीच लिहिलं होतं. तू केलास, आणि ती तुझ्या शब्दाला धरून बसली. यात कुणी वाईट वागलं नाही, आणि तरी ती त्या पाण्यात दुपारभर बसली. दोन दिवस मी यावर चिडायला माणूस शोधत होते. शेवटी वरच्या ऑफिसच्या क्लार्कवर चिडले. तो बिचारा खोकलासुद्धा नाही.

तिचा ताप साधा नाही. घाणीच्या पाण्यातून येतो तोच हा ताप, उंदरांच्या मुतामुळे पसरणारा. गोळ्या वेळेत सुरू केल्या आहेत. पण लघवी कमी झाली आहे आणि डोळे पिवळे दिसतात. वॉर्डचे डॉक्टर म्हणतात, मोठ्या दवाखान्यात न्या, मूत्रपिंडं थकली तर लागणारं मशीन तिकडे आहे, इकडे नाही. अजून दोन-तीन दिवस थांबता येईल, त्यापुढे नाही. ॲम्ब्युलन्स आहे, खाट ठरवली आहे, सगळं आहे. आई हलत नाही.

कारण काल वॉर्डातला फोन सुरू झाला. तिने नर्सला नंबर विचारला, पाठ केला आणि मला म्हणाली, "त्याला हा नंबर कळव." मी हो म्हटलं. आता तिला वाटतं की तुझ्याकडे हा नंबर आहे, आणि ती इथून गेली तर तू फोन करशील आणि खाट रिकामी असेल. मी म्हटलं, मोठ्या दवाखान्यातही फोन आहे. म्हणाली, "तो नंबर त्याला कुठे माहितीये?" मी म्हटलं, तो सरळ तिकडेच येणार आहे. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला खोटं जमत नाही, तू उगाच प्रयत्न करू नकोस." डॉक्टर समजावून थकले. ती पूर्ण शुद्धीत आहे, नाही म्हणते आणि सह्या करत नाही. उचलून नेते म्हटलं तर खाटेचा गज धरून रडायला लागली. बाबा गेले तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, कारण तेव्हा मी फाटकाच्या आत होते.

पोस्टाने हे पत्र वेळेत पोचायचं नाही, म्हणून ते ट्रकवाल्याच्या हाती देते आहे. क्लोरीनच्या गोळ्या आल्या एकदाच्या, आणि त्या घेऊन येणारा तुझ्याच शहरातला निघाला. पोटाने मोठा आहे, मनानेही. उद्या सकाळी तो तुझ्या दारात उभा असेल आणि तू हे वाचेपर्यंत जागचा हलणार नाही, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. दुपारी तो पुन्हा गोळ्या भरून इकडे निघणार आहे. त्याच्या शेजारची सीट मी सांगून ठेवली आहे. सुट्टी मिळते की नाही ते तू तुझं बघ.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी, ती तू दुसऱ्या कुणाकडून ऐकून उपयोग नाही. हा ताप खाटेवरच्या माणसाकडून भेटायला आलेल्याला लागत नाही. हात धरला, उशाशी बसलं, तरी काही होत नाही. या वॉर्डाला नातेवाइकांची मनाई नाही, तसा नियमच नाही. मी दोनदा वाचून खात्री केली आहे. फाटक दिवसभर उघडं असतं.

पहिल्या पत्रात आशीर्वाद शेवटी लिहीन म्हणाले होते आणि विसरले. आता लिहीत नाही, आलास की समोर देईन. वॉर्डाचा नंबर या कागदावर मुद्दामच लिहिलेला नाही. तू फोन केलास की ती पुन्हा पुढच्या फोनसाठी बसून राहील.

फोन करू नकोस. ये.

ताई